प्रेशर वॉशरच्या पंपातून पाणी गळते : सील बदलावे की पंपच?

सप्रेम नमस्कार. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. फवारणी झाल्यावर ट्रॅक्टर आणि ब्लोअर धुण्यासाठी घेतलेला, ११० बार दाबाचा विजेवरचा प्रेशर वॉशर गेल्या पंधरवड्यापासून गळतो आहे. पंप खोलण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

गनचा खटका सोडला की मोटर नेहमीसारखी थांबते. पण अर्ध्या मिनिटाने कोणी हात लावलेला नसताना क्षणभर घुरघुरते आणि पुन्हा थांबते. दाब कुठेतरी सुटत असल्यामुळे आतला स्विच तिला उठवतो, एवढे कळले. नळाकडच्या जोडाचे वायसर कडक होऊन चिरले होते, ते बदलले. मग मोटर बंद ठेवून नुसता नळ सोडला आणि खाली कोरडा पुठ्ठा सरकवला, तर दहा मिनिटांत एक थेंब पडला नाही. मोटर लावताच पुठ्ठा ओला झाला. गन मिटलेली असताना नोझल कोरडे राहते, आणि होज पाइपच्या दोन्ही टोकांच्या ओ-रिंग नव्या आहेत. (त्या नेताना जुनी सोबत न्यावी, नजरेच्या अंदाजाने आणलेली पहिली जोडी मला फेकावी लागली.)

शेवटी प्लग काढला, खटका दाबून उरलेला दाब सोडला, कवच उतरवून प्रत्येक सांध्याला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली आणि कवच पुन्हा बसवून यंत्र दोन मिनिटे चालवले. पुन्हा प्लग काढून पाहिले, तर पंपाचे डोके आणि त्यामागचा तेलाचा भाग यांच्या मधल्या फटीवरची पट्टी तेवढी भिजली होती. आमचे बोअरचे पाणी क्षाराचे असून जाळीवर पांढरा थर धरतो. दुकानदार अख्खा पंप बदला म्हणतात, आणि तो जवळजवळ नव्या यंत्राच्या भावात जातो. नुसती सील बदलून भागेल का?

प्रतिसाद :
नमस्कार. फट भिजते, याचा अर्थ पिस्टनवरची पाण्याची सील झिजली आहेत. आपले निदान योग्य वाटते. मात्र आधी तेल पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी तेलाच्या सीलमधूनही आत शिरले आहे, आणि मग दोन्ही प्रकारची सील व तेल बदलावे लागेल. डोके उतरवल्यावर प्रत्येक पिस्टनवरून नख फिरवावे: ओरखड्यात नख अडकले, तर नवे सीलही फार काळ टिकणार नाही आणि दुकानदाराचे म्हणणे मान्य करावे लागेल. पिस्टन गुळगुळीत असतील तर एकच सील गळत असले तरी सगळी एकदम बदलावीत, बसवताना सिलिकॉन ग्रीस लावावे आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. जाळी बदलल्याशिवाय यंत्र पुन्हा बोअरच्या पाण्यावर लावू नये.

धागाकर्ता :
आभारी आहे. तेल आत्ताच पाहिले, ते स्वच्छ पिवळे आहे. रविवारी डोके उतरवतो आणि पिस्टनचे काय निघाले ते येथेच कळवतो.