लिंबू आणि मोगऱ्याची पाने कडेने करपत आहेत, तातडीने मदत हवी आहे

अंगणातले लिंबू
नमस्कार. लातूर येथे आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा असून तिथे लिंबू, कढीपत्ता, दोन मोगरे आणि एक जास्वंद आहे. मार्चपर्यंत सर्व उत्तम होते. गेल्या महिनाभरात मात्र पानांच्या कडा तव्यावर विसरलेल्या पोळीसारख्या तपकिरी आणि कुरकुरीत होऊ लागल्या असून, काल सकाळी लिंबाखाली गळून पडलेली सुपारीएवढी ४० फळे मी मोजली. दोन्ही वेळा पाणी देत आहे, तेव्हा पाणी कमी पडते असे कृपया सांगू नये. कोणते औषध फवारावे एवढेच हवे आहे. लिंबू वडिलांनी लावलेले आहे आणि ते हातचे जाऊ देण्याची माझी तयारी नाही.

शेणमातीचा माणूस
औषध मुळीच फवारू नका. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती २०० लिटर पाण्यात कालवून जीवामृत करा आणि दर पंधरा दिवसांनी द्या. माझ्या बागेत १२ वर्षे दुसरे काहीही गेलेले नाही.

गच्चीवरची बाग
प्रथम सावली करा. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधल्यावर माझ्या सर्व कुंड्या मे महिन्यात तगल्या.

मृग बहार
शेडनेटचा सल्ला कुंड्यांसाठी योग्य आहे; जमिनीतल्या मोगऱ्याला मात्र ऊनच लागते, सावलीत त्याला कळ्या धरत नाहीत. आणि झाड आजारी असताना जीवामृताने सर्व बरे होईल असे सांगणेही मला पटत नाही. धागाकर्त्यांनी माती कोणती, पाणी कुठले आणि लिंबाला आळे कसे केले आहे, हे सांगितल्याशिवाय कोणताही उपाय अंदाजपंचेच ठरेल.

शेणमातीचा माणूस
अंदाजपंचे नव्हे, अनुभव आहे.

फुलवेडी
जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा आणि मग संध्याकाळी कडुनिंबाचे तेल व साबणाचे पाणी फवारावे.

अंगणातले लिंबू
जास्वंदीवर ढेकूण नाही. माती काळी आहे, पाणी बोअरचे आहे आणि घरातल्या नळाला पाइप जोडून देतो. आळे खोडालगतच आहे. अलीकडे मातीवर पांढरट पापुद्रा धरतो आणि पूर्वी क्षणात मुरणारे पाणी अर्धा तास तसेच तुंबून राहते.

मृग बहार
शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. घरातल्या नळाला सॉफ्टनर जोडलेला आहे का?

अंगणातले लिंबू
हो, दिवाळीत बसवला, कारण नळांवर क्षार साचत होते. पण त्याचा झाडांशी काय संबंध?

मृग बहार
संबंध थेट आहे. सॉफ्टनरमध्ये आपण जे मीठ घालता, त्यातील सोडियम पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा घेते. म्हणजे पाणी जड राहत नाही, पण त्यातील क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. सोडियम वाढले की काळ्या मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. हिवाळ्यात आपण पाणी कमी देत होता म्हणून ते जाणवले नाही. उन्हाळ्यात मात्र दोन वेळचे पाणी उडून जाते आणि क्षार मुळांशी साचतात. उद्यापासून सॉफ्टनरच्या आधीच्या वाहिनीवरून पाणी घ्यावे. खोडाजवळचे आळे बुजवून दुहेरी आळे करावे, म्हणजे खोडाभोवती मातीचे एक कडे आणि त्याबाहेर पाण्यासाठी दुसरे; त्यामुळे खोडाला पाणी लागणार नाही आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोगही टळेल. पाणी रोज थोडे न देता चार-पाच दिवसांनी भरपूर द्यावे, वर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे आणि मातीतील सोडियम हटवणाऱ्या जिप्समची मात्रा माती तपासून ठरवावी. खते आणि फवारणी तूर्त दोन्ही थांबवावी.

गच्चीवरची बाग
भरपूर पाणी? लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरता कामा नये.

मृग बहार
म्हणूनच आच्छादन सांगितले. एकदा खोलवर मुरलेले पाणी रोज वरवर शिंपडून उडून जाणाऱ्या पाण्यापेक्षा कमीच लागते.

शेणमातीचा माणूस
आच्छादनाबाबत पूर्ण सहमत आहे. त्यावर जीवामृत पावसाळ्यात द्यावे.

अंगणातले लिंबू
सर्वांचे मनापासून आभार. टाकीखालच्या जुन्या वाहिनीला वेगळी तोटी बसवून घेतली आणि नवे आळे केले, त्याला आज १९ दिवस झाले. फळगळ थांबलेली नाही, पण कमी झाली आहे. करपलेली पाने तशीच आहेत. शेंड्याला मात्र नखाएवढी कोवळी पालवी फुटली असून तिच्या कडा अजून स्वच्छ आहेत. एका मोगऱ्याचे खोड नखाने खरवडून पाहिले तर आत हिरवे काहीच दिसत नाही. तो काढावा, की पाऊस पडेपर्यंत वाट पाहावी?