मदत हवी आहे: इलेक्ट्रॉन काढून घेतले की स्थिर केंद्रकाचाही ऱ्हास होतो, हा हिशोब फळ्यावर कसा मांडू?

पारसिक
नमस्कार. मी ठाण्यात बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. किरणोत्सारी ऱ्हासावर तापमान, दाब, रासायनिक संयोग यांचा परिणाम होत नाही, हे आम्ही सगळेच मुलांना सांगतो. त्यावर कळव्याहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इलेक्ट्रॉन ग्रहणात केंद्रक अणूतलाच इलेक्ट्रॉन गिळतं ना? मग सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतले तर?"

इतका चांगला प्रश्न खूप दिवसांनी आला. बेरिलियम-७ चं उदाहरण तिथल्या तिथे देता आलं. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५३ दिवस. पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) बाहेर टाकायला १०२२ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा लागते आणि त्याच्याकडे आहेत ८६२, म्हणून इलेक्ट्रॉन ग्रहण ही एकच वाट. इलेक्ट्रॉनच नसतील तर ते तसंच टिकून राहणार.

अडले ते उलट्या उदाहरणावर. डिस्प्रोशियम-१६३ स्थिर आहे. १९९२ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय संस्थेत त्याचे सगळे ६६ इलेक्ट्रॉन काढून ते आयन साठवण वलयात फिरवत ठेवले, तर त्यांचं होल्मियम-१६३ होऊ लागलं. अर्धायुकाल फक्त ४७ दिवस! बीटा ऱ्हासातला (न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना निघणारा) इलेक्ट्रॉन बाहेर न जाता होल्मियमच्याच के कवचात, म्हणजे सगळ्यात आतल्या कवचात बसतो, इथवर समजलं. पण वस्तुमानांच्या तक्त्यात होल्मियम-१६३ चा अणू डिस्प्रोशियमपेक्षा सुमारे २.८ केईव्ही जड दिसतो. मग ऊर्जा येते कुठून? इलेक्ट्रॉन काढण्यासाठी जी ऊर्जा खर्च केली ती यात धरायची का? मुलांसमोर मांडता येईल असं कुणी सांगाल का?

जुईनगरवाला
मॅडम, तक्त्यातली वस्तुमानं अख्ख्या अणूंची असतात, म्हणजे इलेक्ट्रॉनांची बंधनऊर्जा त्यात आधीच वजा झालेली असते. होल्मियमचे ६७ इलेक्ट्रॉन मिळून डिस्प्रोशियमच्या ६६ पेक्षा साधारण १२.५ केईव्हीनं जास्त घट्ट बांधलेले आहेत. एवढी सवलत मिळूनही होल्मियम २.८ नं जड. उघड्या केंद्रकांना ती सवलत नाही, म्हणून मोकळा इलेक्ट्रॉन बाहेर टाकायचा तर तूट १५.३ ची.

आता तोच इलेक्ट्रॉन रिकाम्या के कवचात बसवा. त्याची बंधनऊर्जा मुलांनाच काढू द्या: बोरच्या सूत्रानं १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट गुणिले ६७ चा वर्ग, म्हणजे ६१ केईव्ही. सापेक्षतेची दुरुस्ती धरली की ६५. त्यातून १५.३ वजा केले की जवळजवळ ५० केईव्ही उरतात. ऱ्हासाला तेवढे पुरतात, आणि ते मुख्यतः ऱ्हासात सोबत निघणारा हलका कण, प्रतिन्यूट्रिनो, घेऊन जातो. इलेक्ट्रॉन काढायचा खर्च वेगळा धरू नका, हिशोब उघड्या केंद्रकापासूनच सुरू केला आहे.

अख्ख्या अणूत हे का घडत नाही, तेही याच ओघात सांगा. के कवचात दोन इलेक्ट्रॉन आधीच बसलेले. पाउलीच्या नियमानं तिसऱ्याला जागा नाही, आणि बाहेरच्या कवचात बसून २.८ ची तूट भरून निघत नाही.

खारघरची टेकडी
वर मांडलेला हिशोब अगदी नेमका. यात रेनियम-१८७ जरूर जोडा. अख्ख्या अणूचा अर्धायुकाल सुमारे ४२ अब्ज वर्षं, उघड्या केंद्रकाचा ३३ वर्षं! हे मोजमापही जीएसआयचंच, १९९६ मधलं. उल्कापाषाणांचं वय काढायला रेनियम-ऑस्मियम घड्याळ वापरतात, म्हणजे ऱ्हासानं रेनियमचं किती ऑस्मियम झालं ते मोजतात. दगडात ते इमानानं चालतं, पण ताऱ्याच्या तापलेल्या पोटात रेनियमचे बरेच इलेक्ट्रॉन निघून जातात आणि घड्याळ धावत सुटतं. त्या मुलीला हे ऐकायला आवडेल.

आणि "ऱ्हासावर तापमान, दाब, रासायनिक संयोग यांचा परिणाम होत नाही" हे फळ्यावरचं वाक्य पुसू नका. बेरिलियम-७ वेगवेगळ्या पदार्थांत ठेवून पाहिलं आहे, अर्धायुकालात फरक पडतो तो एखाद्या टक्क्याच्या आसपास. "साधारण परिस्थितीत" एवढे दोन शब्द वाढवले की वाक्य खरं होतं.

पारसिक
दोघांचेही मनापासून आभार. ६१ चा आकडा मुलं स्वतः काढतील, याचाच मला जास्त आनंद आहे. एक उपप्रश्न. प्रॅसिओडिमियम-१४० चा एकच इलेक्ट्रॉन उरलेला आयन दोन इलेक्ट्रॉनवाल्यापेक्षा सुमारे दीडपट वेगानं इलेक्ट्रॉन ग्रहण करतो, असं वाचलं. गिळायला इलेक्ट्रॉन कमी, तरी वेग जास्त?

जुईनगरवाला
तिथे फिरकीचा (स्पिनचा) भाग आहे, ऱ्हासाच्या आधी आणि नंतर तिची एकूण बेरीज जुळावी लागते. त्या केंद्रकाची फिरकी १. एकट्या इलेक्ट्रॉनशी जुळून सगळ्यात खालच्या पातळीत एकूण १/२ होते, आणि ऱ्हासानंतरच्या सिरियम-१४० ची शून्य फिरकी अधिक न्यूट्रिनोची १/२ हीही बेरीज तीच. म्हणून वाट पूर्ण मोकळी. दोन इलेक्ट्रॉन असले की त्यांच्या फिरक्या एकमेकींना खोडतात. मग केंद्रकाशी जुळणी १/२ आणि ३/२ अशी वाटली जाते आणि ३/२ चा वाटा वाया जातो. गुणोत्तर नेमकं ३/२ येतं. हे मात्र बारावीला नको, एमएस्सीला जाईल तेव्हा तिला सांगा.