एल्कच्या शिकारीला जाताना: हातातलं जीपीएस यंत्र की खिशातला फोन?

डेन्व्हरकर

ऑक्टोबर जवळ आला की कोलोरॅडोतल्या मराठी मंडळींच्या गटांवर हमखास विचारणा होते, "पहिल्यांदाच एल्कला चाललोय, जीपीएस कुठलं घेऊ?" आणि खाली पाच-दहा जण लगेच सांगतात, "कशाला पैसे घालवतोस, फोनवर ऑनएक्स टाक." मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. (एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, ऑनएक्स म्हणजे जमिनीच्या हद्दी दाखवणारं नकाशांचं ॲप.)

रानात मुक्काम करून शिकार करायची असेल तर बटणांचं, वेगळं, फक्त वाट दाखवणारं यंत्र घ्या. फोन सोबत असू द्या, पण परतीची वाट त्याच्या भरवशावर सोडू नका.

मुख्य कारण थंडी. फ्लॅट टॉप्सच्या पठारावर दहा-अकरा हजार फुटांवर ऑक्टोबरअखेरच्या पहाटे पारा शून्याच्या बराच खाली असतो. चाळीस टक्के चार्ज दाखवणारा फोन अशा वेळी पटकन मान टाकतो. हातात जाड मोजे, वर ओला बर्फ, आणि टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही. बरं, एल्क पडतो तो बहुधा दिवस बुडताना. मोठा नर तीनशे किलोचा. हाडं काढली तरी मांस शंभर किलोच्या आसपास भरतं, ते एका खेपेत येत नाही. म्हणजे जागेची खूण घ्यायची, पहिली खेप तंबूवर पोचवायची आणि हेडलॅम्पच्या उजेडात त्याच दाट झाडीतून, त्याच आडव्या ओंडक्यांवरून परत तिथं यायचं. यात फोन बंद पडला तर मांस सकाळपर्यंत अस्वलाचं.

माझी निवड: पैसे असतील तर गार्मिनचं जीपीएसमॅप ६७. २०२३ मध्ये आलं तेव्हा ५०० डॉलर किंमत होती. कंपनीच्या आकड्यांनुसार एका चार्जवर १८० तास चालतं. दोन वारंवारतांवर उपग्रहांचे संकेत घेतं, त्यामुळे उभ्या कड्यांखाली जागा इकडेतिकडे उड्या मारत नाही. बजेट कमी असेल तर ईट्रेक्स एसई. दीडशे डॉलर, दोन एए सेल, १६८ तास. पडदा काळा-पांढरा, नकाशा नावापुरता. पण गाडी, तंबू आणि सावज या तीन खुणा सापडल्या की आणखी काय हवं?

सायली_बोल्डर

"आणखी काय हवं?" जमीन कुणाची ते हवं! डेन्व्हरकर दिगूदादा, तुमचा सगळा लेख "मी कुठे आहे" यावर चाललाय. पश्चिमेकडच्या राज्यांत शिकाऱ्याचा खरा प्रश्न "मी कुणाच्या जमिनीवर आहे" हा असतो.

कोलोरॅडोत खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असलीच पाहिजे असं नाही. परवानगी न घेता तिथं शिकार केली तर "मला कळलंच नाही" ही सबब चालत नाही. तुमच्या दीडशे डॉलरच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ती हद्द दिसते का? नाही. फोनवर रंगीत दिसते, मालकाच्या नावासकट. २००९ मध्ये मोंटानातल्या मिझूला गावात ऑनएक्स कंपनी उभी राहिली ती नेमक्या याच गरजेपोटी. एका राज्याचे वर्षाला पस्तीसेक डॉलर.

बॅटरीचं रडगाणं आता पुरे. नकाशे घरून उतरवून न्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका, शर्टाच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा आणि सोबत एक पॉवर बँक घ्या. सात दिवस आरामात निघतात.

डेन्व्हरकर

सायली, हद्द महत्त्वाची हे मान्य. पण ती फोनवरच दिसते हे नाही. जीपीएसमॅपवर गार्मिनच्या आउटडोअर मॅप्स प्लस नकाशांची वर्षाची वर्गणी घेतली की सरकारी-खासगी हद्दी त्यातही येतात.

आणि त्या रंगीत रेषेवर इतका विश्वास ठेवू नकोस. ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरातल्या नोंदींवरून काढलेली असते. जागेवरच्या मोजणीशी ती तंतोतंत जुळेलच असं नाही. त्यात यंत्राचा स्वतःचा फरक, मोकळ्या आकाशाखालीसुद्धा तीन ते पाच मीटर. झाडीत जास्त. रेषेला खेटून बसणारा शिकारी नशिबावर बसलेला असतो.

लॅरमीचा_पाटील

हद्दीचा विषय निघालाच आहे तर वायोमिंगची एल्क माउंटनची केस सांगतो, कारण या वादाचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

रेल्वेला १८६० च्या दशकात जमिनी दिल्या तेव्हा एक चौरस मैलाचा एक तुकडा रेल्वेला, शेजारचा सरकारकडे, अशी वाटणी झाली. त्यामुळे आजही दक्षिण वायोमिंगचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यावर टेकतात. २०२० मध्ये मिझूरीहून आलेले तीन आणि २०२१ मध्ये चार शिकारी अशा कोपऱ्यांवरून एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्यात गेले. दुसऱ्या वर्षी तर खासगी जमिनीला पाय लागू नये म्हणून त्यांनी लोखंडी शिडी नेली होती. अतिक्रमणाच्या फौजदारी खटल्यात २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. जमीनमालकाने दिवाणी दावाही लावला होता. त्यात मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या (ठरावीक राज्यांच्या गटासाठी असलेल्या केंद्रीय) अपील न्यायालयाने, १८८५ च्या बेकायदा कुंपणांविरुद्धच्या कायद्याच्या आधारे, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

आता नीट ऐका. ही मंडळी ऑनएक्स वापरत होती, पण कोपरा त्यांनी फोनवर नव्हे तर जमिनीवर शोधला, मोजणीखात्याने रोवलेली खूण बघून. कोपरा हा बिंदू आहे, त्याला रुंदीच नाही. चार मीटरचा फरक असलेलं कुठलंही यंत्र तुम्हाला त्याच्या जवळपास नेईल, पुढे डोळे वापरायचे. आणि शिकाऱ्यांच्या ऑनएक्समधली एक खूण खासगी जमिनीवर पडलेली होती, तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात मांडली गेली. फोन असो वा यंत्र, तुम्ही ठेवलेला माग उद्या तुमच्याविरुद्धही बोलू शकतो.

जाता जाता: हा निकाल दहाव्या सर्किटपुरता. वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको त्यात येतात. मोंटाना येत नाही. तिकडे हाच पराक्रम करू नका.

मुळशीकर

मी पुण्यातून वाचतोय. यंत्रांच्या गप्पा ठीक, पण मुक्या प्राण्याला मारायला जाताना "परतीची वाट" याची चर्चा बघून गंमत वाटली. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि तो योग्यच आहे.

डेन्व्हरकर

मुळशीकर, भारतात तो योग्यच आहे, त्यावर माझा वाद नाही. इथे कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, किती मारायचे ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि खात्याचा मोठा खर्च परवान्यांच्या पैशांवर चालतो. १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा करही वन्यजीवांसाठीच जातो. यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो. इथे होकायंत्रावर बोलू.

सह्यभटक्या

होकायंत्राचं नाव काढलंत म्हणून आलो! दिगूभाऊ आणि सायलीताई, तुम्ही दोघंही बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंवर भांडताय. कागदाचा नकाशा कुणाच्याच सामानात दिसत नाही. १:२४,००० चा सरकारी नकाशा आणि साधं होकायंत्र, तीसेक डॉलरमध्ये काम होतं.

फक्त इकडून तिकडे गेलेल्यांसाठी एक इशारा. सह्याद्रीत आपण चुंबकीय उत्तर हीच खरी उत्तर धरून चालतो, कारण महाराष्ट्रात दोन्हींत फरक जवळजवळ नाहीच. कोलोरॅडोत तो साधारण आठ अंश पूर्वेला आहे. आठ अंश म्हणजे किलोमीटरमागे एकशे चाळीस मीटर. दाट झाडीत तंबू चुकवायला एवढं पुरतं. बऱ्याच होकायंत्रांवर हा फरक लावून घ्यायचा स्क्रू असतो, तो घरीच फिरवा.

दुसरं, जुने नकाशे १९२७ च्या मापनपद्धतीवर आहेत, तुमचं यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या नव्या पद्धतीवर. जुन्या नकाशावरची जाळी वाचून यंत्रात आकडे भरले आणि हे जुळवून घेतलं नाही तर तिकडे दोनेकशे मीटरची चूक होते. यंत्र बिचारं बरोबर असतं.

सायली_बोल्डर

काका, नकाशा मीही नेते. पण अंधारात, वारा सुटलेला असताना, हातात शंभर पौंडांची पाठपिशवी सावरत नकाशा उघडून बघा एकदा. शाळेत शिकवायला छान आहे.

सह्यभटक्या

वाऱ्यात अख्खा नकाशा उघडायला कुणी सांगितलंय? लागतो तेवढा चौकोन वर येईल असा घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गळ्यात अडकवतात. आणि शंभर पौंड उचलून अंधारात निघणाऱ्याने नकाशाआधी गुडघ्यांचा विचार करावा.

यूटाची_मावशी

तुम्हा सगळ्यांचं एक राहिलं. वाट सापडली पण पाय मोडला, मग? माझ्या मते आज वेगळं यंत्र घ्यायचं असेल तर ते संदेश पाठवणारंच घ्यावं. गार्मिनचं इनरीच मिनी २ शंभर ग्रॅमचं आहे. ते इरिडियमच्या उपग्रहांवरून चालतं. ६६ उपग्रह, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत, त्यामुळे दरीतही थोडा वेळ थांबलं की संदेश जातो. नकाशासाठी फोन, मदतीसाठी हे. महिन्याची वर्गणी भरावी लागते, ती कटकट आहेच.

आयफोन १४ पासून फोनमध्येही उपग्रहावरून मदत मागता येते, हे सायली सांगेलच. पण त्याला मोकळं आकाश लागतं आणि फोन उपग्रहाच्या दिशेने धरून उभं राहावं लागतं. मोडलेल्या पायाने, गोठलेल्या बोटांनी, संपत आलेल्या बॅटरीवर.

आणि दिवाळीला घरी जाणाऱ्यांनो, हे यंत्र बॅगेत विसरून भारतात नेऊ नका. परवानगीशिवाय उपग्रहावरून संपर्क साधणारं उपकरण बाळगणं तिकडे गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी यात अडकल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. साधं जीपीएस आणि इनरीच यांत सुरक्षा तपासणीवाला तुमच्यासाठी फरक करत बसणार नाही.

डेन्व्हरकर

मावशी, मग जीपीएसमॅप ६७आय घ्या ना! तेच यंत्र, आत इनरीच, आलं तेव्हा शंभर डॉलर जास्त होतं. दोन गोष्टी एकात.

यूटाची_मावशी

दोन गोष्टी एकात म्हणजे एक पडलं की दोन्ही गेल्या. फोनबद्दल तुमची हीच तक्रार होती ना?

डेन्व्हरकर

हा मुद्दा बरोबर मारलात. तरी पडण्या-भिजण्याला फोन आणि ६७आय सारखेच टिकतात असं मी म्हणणार नाही.

फेझंटवाला

साउथ डकोटातून. आमच्याकडे मक्याच्या शेतांत फेझंट (तितराच्या कुळातला पक्षी) मारताना वाट चुकत नाही, सडक नेहमी दिसते. चुकतो तो कुत्रा. त्यामुळे आमचे पैसे कुत्र्याच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यावर जातात. बाकी चालू द्या.

नवखा_फोर्ट_कॉलिन्स

धागा वाचून जास्तच गोंधळलो. माझ्याकडे ३०० डॉलर आहेत, पहिलाच हंगाम, गाडीपासून दोन-तीन मैलांच्या आतच राहणार. एक काय ते सांगा.

सायली_बोल्डर

ऑनएक्स, पॉवर बँक, उरलेल्या पैशांत चांगले बूट.

डेन्व्हरकर

ईट्रेक्स एसई आणि लिथियमचे एए सेल, साधे अल्कलाइन थंडीत लवकर बसतात. हद्दीसाठी फोनवर ऑनएक्स ठेव, पण तंबूची आणि गाडीची खूण यंत्रातच घे. निघण्याआधी घराजवळच्या टेकडीवर अंधारात एकदा परतून बघ.

लॅरमीचा_पाटील

कुठलंही घे. फक्त हद्दीपासून दोनशे यार्ड आत बस. जखमी एल्क कुंपण बघून थांबत नाही, आणि तो पलीकडे जाऊन पडला की मालकाच्या परवानगीशिवाय तुला त्याच्यामागे जाता येत नाही. मालकाचा नंबर आधीच मिळवून ठेव.

नवखा_फोर्ट_कॉलिन्स

नंबर कुठे मिळतो?

लॅरमीचा_पाटील

नाव नकाशावर दिसतं. पुढे काउंटीच्या कार्यालयात चौकशी कर, नाहीतर सप्टेंबरमध्येच जाऊन दार ठोठाव. चकल्यांचा डबा घेऊन जा.