हळवं भात तयार, सल्ल्यात पाच दिवस पाऊस. कापू की थांबू?

भरडवाला, कुडाळ
मंडळी जरा घाईत विचारतोय. भरडातलं (वरच्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीतलं) हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात (रत्नागिरी 1) तयार झालंय, आठ गुंठे असेल, लोंब्या पार पिवळ्या पडल्यात आणि हात लावला तरी दाणा गळतोय. खाली मळ्यात (सखल, ओलीच्या शेतात) निमगरवं, म्हणजे मध्यम मुदतीचं जया आहे, त्याच्या लोंबीचा शेंडा पिवळा पण बुडखा अजून हिरवा, वर टाचेएवढं पाणी पण आहे. शुक्रवारच्या कृषी सल्ल्यात पुढचे पाच दिवस तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, विजांसह, असं दिलंय आणि इकडे सकाळी बघावं तर आभाळ निळंशार, चटके बसतायत. माणसं सोमवार मंगळवार दोनच दिवस मिळतायत, पुढे ती दुसऱ्या वाडीत बांधलेली. गेल्या वर्षी असाच सल्ला वाचून थांबलो तर पाच दिवस थेंब नाही, सहाव्या दिवशी कापलं आणि त्याच रात्री धो धो, पेंडीतच कोंब आले. मग त्या सल्ल्याला अर्थ काय? भरडात मागून कुळीथ टाकायचाय, ओल किती दिवस धरेल ते पण सांगा.

कातळकर, लांजा
सल्ला चुकत नाही दरवेळी, आपण तो आपल्या वाडीचा समजून वाचतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजायची जेवढी केंद्रं आहेत त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्के ठिकाणी पडणार. 'काही ठिकाणी' असेल तर 50 टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' 75 पर्यंत. म्हणजे गेल्या वर्षी तो पाऊस पडला असेलही, तुझ्याकडे नसेल. आणि 'हलका' शब्दावर जाऊ नकोस, हवामान खात्याच्या हिशोबात 15.5 मिमीपर्यंत हलका आणि तिथून 64.4 पर्यंत मध्यम. एक मिमी म्हणजे गुंठ्याला साधारण 100 लिटर पाणी, मग 15 मिमी म्हणजे दीड हजार लिटर, ते पण कापून पसरलेल्या भातावर. हा हलका म्हणायचा का? उभ्या भातावरून निथळून तरी जातं. सल्ला मंगळवारी पण येतो, सोमवारचं काम उरकून तो बघ, शुक्रवारचाच धरून बसू नको.

मेरेवरचो
अरे मोबाईल ठेव खिशात नि पूर्वेक बघ. ह्या दिवसातलो पाऊस समुद्राकडसून येणा नाय, दुपारी घाटार ढग चढतत आणि तीन-चारक वारो फिरलो की खाली उतरतत. सकाळी आभाळ निळा म्हणजे पाऊस नाय असा नाय, उलट जेवढो चटको जास्त तेवढो सांजचो गडगडाट. हत्ती (हस्त नक्षत्र) सरलो तरी चित्रा आसा. आमी दव सुकला की धा वाजता इळो (विळो) लावतंव, एक वाजता थांबतंव, कापलेला सगळा तीनच्या आत खळ्यात. उचलूक जमात तेवढाच काप. शेतात दोन दिवस वाळत घालूचा सुख आता इसर, त्याच दिवशी झोड नि भात पडवीत पातळ पसर, पंखो लाव. वल्या पेंडीची रास घालू नको, ती आतून तापता नि दाणो पिवळो पडता.

मावळतीकडची, माणगाव
मेरेवरचो काकांचं पटतंय पण मळ्याचं कोणी बोललंच नाही. तिथलं पाणी आजच सोडा, कापणीच्या आधी आठ-दहा दिवस शेत कोरडं लागतं नाहीतर चिखलात भारे ओढत बसाल. भात मात्र उभंच राहू दे. आडवं झालं तर चार-पाच चूड (भाताचे बुंधे) एकत्र धरून बांधून उभं करा, लोंबी पाण्याला टेकली की कोंब आलाच. ओलीचं म्हणाल तर भरडातली जांभ्याची माती पाणी धरत नाही, पाऊस थांबून ऊन लागलं की चार-पाच दिवसात वरची ओल उडते, तेव्हा भात उचललं की लगेच कुळीथ. पण वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघून. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका, फुटला तर वापसा, चपटा होऊन बसला तर थांबा. मळ्यात ओल खूप दिवस राहते, आम्ही तिथे कापणीनंतर वाल टोकतो, नांगरत पण नाही. आणि दामिनी अॅप ठेवा हो मोबाईलवर, 20 ते 40 किलोमीटरमधली वीज दाखवतं. भारा राहिला तर राहू दे, माणूस आधी घरात.

भरडवाला, कुडाळ
मंगळवार रात्र. सोमवारी चार गुंठे कापलं, अडीचला शेवटचा भारा खळ्यात आला, चारला घाटाकडे काळंकुट्ट झालं आणि आमच्याकडे एक थेंब नाही, पलीकडच्या वाडीत म्हणे झोडपला. तुरळक ठिकाणी ते हेच. आज उरलेलं काढलं, जेवणानंतर माणसं जरा रेंगाळली तेवढ्यात सव्वातीनला गाठलंच, चार भारे भिजले, ते पडवीत वेगळे सोडून पसरलेत. काकानू, पंखो लावलंय, आता घरात झोपूक जागा नाय. मळ्याची मेर (बांध) फोडली तर खालचे शेजारी ओरडत आले, त्यांचं पण भात उभं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मग बाजूने पाट काढून दिला. गोळा टाकून बघितला संध्याकाळी, चपटाच बसला. आजच्या सल्ल्यात गुरुवारनंतर कोरडं दिलंय, शुक्रवारी परत गोळा टाकतो. गावठी कुळथाचं बी कोणाकडे पायलीभर जास्तीचं असेल तर कळवा, माझ्यातल्या निम्म्याला भुंगा लागलाय.