अमेरिकेतल्या आयआरए खात्यातलं सोनं नागपूरच्या लॉकरमध्ये ठेवता येतं का?

धरमपेठकर
नमस्कार. अमेरिकेतून कायमचा नागपूरला आलोय, वय ५७. तिथल्या पारंपरिक आयआरए खात्यात, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात, एक औंसाची सोन्याची ईगल नाणी आणि चांदीचे शंभर औंसाचे बार आहेत. डेलावेअरच्या व्हॉल्टचं भाडं दरवर्षी कापलं जातं. हाच माल शंकरनगरच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला तर खातं चालू राहील का? एक सल्लागार म्हणतो, स्वतःची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली की घरीसुद्धा चालतं.

बर्डीचा सीए
नाही चालत भाऊ. बार ट्रस्टीच्याच ताब्यात हवेत असं तिथल्या करकायद्याचं कलम ४०८(एम) सांगतं. ट्रस्टी म्हणजे बँक किंवा आयआरएसने (तिथल्या कर खात्याने) मंजूर केलेली संस्था. ईगल नाण्यांबाबत त्या कलमात ताब्याचा उल्लेख नाही, आणि एलएलसीवाले नेमकी हीच फट दाखवतात. २०२१ साली मॅकनल्टी खटल्यात टॅक्स कोर्टाने ती बुजवली. नाणी एलएलसीच्या नावावर, पण तिजोरी घरची. नाण्यांवर तुमचाच पूर्ण ताबा असेल तर ती खात्यातून काढली असंच धरणार, असा निकाल लागला. मग त्यांची बाजारभावाने किंमत उत्पन्नात धरली जाते आणि वयाच्या ५९½ च्या आत असाल तर वर १० टक्के जादा कर. त्या सल्लागाराच्या नादी लागू नका.

व्हॉल्टची वही
भाड्याचं म्हणाल तर आधी स्टेटमेंट बघा. 'सेग्रिगेटेड' लिहिलं असेल तर तुमचाच माल वेगळा ठेवलेला असतो. 'कमिंगल्ड'ला भाडं कमी, पण परत मिळतो तो तेवढ्याच वजनाचा, त्याच शुद्धतेचा दुसरा माल. सेग्रिगेटेड असेल तर बारचे सीरियल नंबर मागवून खरेदीच्या बिलाशी ताडून घ्या.

खात्यात थोडी रोकड ठेवाच. भाडं आणि कस्टोडियनची, म्हणजे खातं सांभाळणाऱ्या संस्थेची, फी त्यातूनच जाते. रोकड संपली की फीसाठी धातू पडत्या भावातही विकावा लागतो.

पुढचा घोळ ७५ व्या वर्षी. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना तेव्हापासून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. शंभर औंसाचा बार ३.११ किलोचा, त्याचा तुकडा पाडता येत नाही. त्याआधीच खात्यातल्या खात्यात बार विकून लहान माल घेऊन ठेवा.

इतवारी सराफा
सामानात आणायचा विचार असेल तर तोही सोडा. कमी ड्युटीत एक किलोपर्यंत सोनं आणायची सवलत परदेशात किमान सहा महिने राहून येणाऱ्याला आहे. तुम्ही तर इथे राहायला आलात.

धातू खात्याच्या आत विकला तर अमेरिकेत कर लागत नाही, पैसे बाहेर काढले की लागतो. म्हणून ५९½ पूर्ण झाल्यावर डॉलर काढा आणि हातात सोनं हवंच असेल तर इतवारीत घ्या, ३ टक्के जीएसटीसह. बँकेचं नाणं नको, बँक ते परत विकत घेत नाही. सोनं ज्यात मिळतं ते सीलबंद कार्ड फोडू नका, विकताना पुन्हा तपासणीचा प्रश्न येतो.

लॉकरचं वर्षाचं भाडं ४,००० असेल तर बँकेची जबाबदारी शंभर पट, म्हणजे ४ लाखच. तीही आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक एवढ्यालाच. पूर त्यात येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी तुमच्याच भागात घुसलं होतं, तेव्हा तळघरातला लॉकर घेऊ नका आणि विमा वेगळा काढा.

बर्डीचा सीए
एक राहिलं. खातं तिकडेच ठेवलं तरी इथल्या रिटर्नमध्ये परिशिष्ट एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाच्या आकड्यांनिशी. 'रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही' हा दर्जा असेपर्यंत ते लागत नाही. तुमचा दर्जा कोणत्या वर्षी बदलतो ते पासपोर्टवरच्या तारखांवरून आत्ताच काढून ठेवा.