‘सुरक्षेसाठी नाही, फक्त ओळखीसाठी’ म्हणून एमडी५ वापरत राहावे का?

चौकस (धागालेखक)

दस्तऐवज साठवणाऱ्या एका प्रणालीचा जुना कोड सध्या वाचतो आहे. त्यात जिथे जिथे एमडी५ आहे, तिथे तिथे वरच्या ओळीत कोणीतरी प्रामाणिकपणे टीप लिहून ठेवली आहे : ‘हे सुरक्षेसाठी नाही, फक्त दुबार फाइल ओळखण्यासाठी आहे.’ लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण या टिपेवर विसंबणे आता थांबवावे आणि नव्या कामात एमडी५ला कोणत्याही निमित्ताने थारा देऊ नये, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. हॅश फंक्शन कितीही मोठ्या मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढते. एमडी५ हे असेच एक फंक्शन; त्याचा ठसा १२८ बिटांचा, म्हणजे हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ या १६ चिन्हांत) लिहिला तर ३२ अक्षरांचा असतो. रॉन रिव्हेस्ट यांचे हे फंक्शन १९९२ मध्ये प्रमाण दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाले आणि २००४ मध्ये शियाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या मजकुरांची जोडी जाहीर केली. २००८च्या अखेरीस काही संशोधकांनी सुमारे २०० प्लेस्टेशन ३ यंत्रे जुंपून, ब्राउझर खरे मानतील असे, संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे बनावट प्रमाणपत्रच तयार करून दाखवले. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने याच दुबळेपणाच्या आधारे मायक्रोसॉफ्टची सही असल्याचा देखावा उभा केला. आज साधी जोडी घरच्या संगणकावर काही सेकंदांत तयार होते.

माझा आक्षेप मात्र या इतिहासापेक्षा ‘फक्त’ या शब्दाला आहे. या प्रणालीत ठसा सुरुवातीला जागा वाचवण्यापुरताच होता. पुढे दस्तऐवजांच्या मंजुरीची नोंद ठेवायची वेळ आली, तेव्हा फाइलची ओळख पटवणारा स्तंभ आयताच हाताशी होता, म्हणून मंजुरी त्या ठशालाच जोडली गेली. आता एखाद्याने एकच ठसा असलेल्या दोन पीडीएफ तयार केल्या, त्यांपैकी निरुपद्रवी फाइल मंजूर करून घेतली आणि नंतर दुसरी पुढे केली, तर नोंदवही तिलाही मंजूरच म्हणेल. टीप अजून जागच्या जागी आहे. खाली चाललेले काम तेवढे बदलले आहे.

अर्धविराम

असहमत. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्या आहेत. स्वतःच दोन्ही मजकूर घडवून त्यांचे ठसे जुळवणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याने आधीच तयार केलेल्या फाइलशी ठसा जुळणारी नवी फाइल शोधणे ही दुसरी. पहिल्या बाबतीत एमडी५ मोडले आहे, याबद्दल वाद नाही. दुसऱ्या बाबतीत ठशावरून मागे जाण्याचा जो सर्वांत चांगला हल्ला प्रसिद्ध आहे, त्याला सुमारे २चा १२३वा घात इतक्या पायऱ्या लागतात. म्हणजे तो कागदावरच आहे आणि तिथेच राहील. मी माझ्या छायाचित्रांच्या बॅकअपचे चेकसम (फाइल बिघडली का हे ताडण्यासाठीचे ठसे) एमडी५ने काढतो. त्यात जोडी घडवायला बसलेला शत्रू कोण? मी स्वतः?

राहिला योगायोग. १०० कोटी फाइलींचा संग्रह धरला, तरी त्यात कोणत्याही दोन वेगळ्या फाइलींचा ठसा योगायोगाने जुळण्याची शक्यता लिहायची तर दशांशचिन्हापुढे २० शून्ये मांडल्यावर पहिला अंक येतो. त्याच्या कितीतरी आधी डिस्क दगा देते.

एकदा ‘टक्कर सापडली’, म्हणजे वेगळ्या फाइलींचा ठसा एकच निघाला, म्हणून मला घाईने बोलावण्यात आले होते. शेकडो फाइलींचा ठसा खरोखरच एक होता आणि तो ‘डी४१डी८’ने सुरू होत होता. ज्यांनी हे काम केले आहे ते इथेच हसतील, कारण तो रिकाम्या मजकुराचा एमडी५ आहे. अपलोड मध्येच तुटत होते आणि शून्य बाइटच्या फाइली निमूटपणे साठवल्या जात होत्या. एमडी५ने तिथे दोष दाखवून दिला. त्यालाच आरोपी करण्याची तयारी मात्र झाली होती.

चौकस

आपला भेद मला मान्य आहे आणि मी तो पहिल्या प्रतिसादातच मांडायला हवा होता. त्यावरून एक सोपा प्रश्न निघतो : संग्रहातील फाइल कोणी घडवली? सगळ्या फाइली आपल्याच असतील, तर आपला बॅकअप सुखरूप आहे. पण ज्या क्षणी परक्या माणसाची एक फाइल आत येते, त्या क्षणी जोडी घडवणाऱ्याला दार उघडते, आणि अशा वेळी कोणी कोडकडे वळून टीप बदलत नाही.

दुबार मजकूर ओळखण्याचे काम निर्धोक असते, या समजुतीला एक घडलेले उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एसएचए-१ या दुसऱ्या हॅश फंक्शनचा एकच ठसा असलेल्या दोन पीडीएफ प्रसिद्ध केल्या. वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या प्रकल्पातील कोणीतरी अशा प्रसंगी आपला कोड कसा वागतो हे तपासण्यासाठी त्या दोन फाइली चाचणी म्हणून सबव्हर्जन या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भांडारात घातल्या आणि भांडारच अडकून पडले. सबव्हर्जन एसएचए-१ कशासाठी वापरत होते? समान मजकूर एकदाच साठवून जागा वाचवण्यासाठी. हल्लेखोर कोणीही नव्हता आणि हेतू तर उलट चांगला होता.

पायरीदार

धागालेखकांच्या निष्कर्षाला माझा विरोध थोड्या वेगळ्या कारणासाठी आहे. ‘एमडी५ काढा’ असा फतवा निघाला की लोक नाव बदलतात आणि निर्धास्त होतात. पासवर्ड साठवण्यासाठीचा एमडी५ काढून त्या जागी एसएचए-२५६ हे अधिक लांब ठशाचे फंक्शन बसवल्याचा अभिमान मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकला आहे. तिथे टक्कर हा प्रश्नच नव्हता. चोरीला गेलेल्या यादीवर एकामागून एक शब्द लावून पाहणाऱ्याला वेगवान हॅश हवाच असतो, आणि एसएचए-२५६ वेगवान आहे. तिथे प्रत्येक पासवर्डाला वेगळा सॉल्ट (ठसा काढण्याआधी जोडलेला यादृच्छिक मजकूर) आणि मुद्दाम संथ केलेले फंक्शन लागते : १९९९चे बीक्रिप्ट किंवा २०१५च्या स्पर्धेत निवडले गेलेले आर्गॉन२.

डाउनलोडच्या पानावर फाइलशेजारी छापलेला चेकसमही तसाच. ज्याला सर्व्हरवरची फाइल बदलता आली, त्याला त्याच पानावरची ठशाची ६४ अक्षरे बदलायला कितीसा वेळ लागेल? तिथे डिजिटल सही हवी. फंक्शनच्या नावावर बंदी घालण्यापेक्षा, ‘या ठिकाणी मी ठशाच्या कोणत्या गुणावर विसंबलो आहे’ हे एका वाक्यात लिहिण्याची सक्ती केली तर अधिक उपयोग होईल.

चौकस

पासवर्डाबद्दल पूर्ण सहमत. पण ‘एक वाक्य लिहा’ ही सक्ती आमच्या कोडमध्ये पाळलेलीच होती, तेच तर माझे दुखणे आहे. वाक्य लिहिणारा निघून गेला आणि वाचणाऱ्याला ते आपल्याला लागू आहे असे वाटले नाही.

अर्धविराम

मग कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचे काय? ते अजूनही बहुतांश ठिकाणी एसएचए-१वर चालते. त्यांनी २०१७ मध्येच, अशा घडवलेल्या जोडीच्या खुणा ओळखून ती नाकारणारे एसएचए-१ आत बसवले, आणि एसएचए-२५६ची सोय २०२०पासून प्रायोगिक म्हणून दिली. जग कोसळले नाही. म्हणजे धोका नेमका ओळखून त्याला कुंपण घालता येते, आणि लाखो भांडारे एका रात्रीत मोडावी लागत नाहीत. आपल्या प्रणालीतही दोष मंजुरीच्या रचनेचा आहे. दोन फाइली बाइट-बाइट ताडून पाहिल्या, तर ठसा कुठला का असेना.

चौकस

दोन्ही फाइली हाताशी असताना ताडून पाहणे हा उत्तम उपाय आहे, आणि दुबार फाइल काढण्यापुरता मी तो आजच स्वीकारतो. मंजुरीच्या नोंदीत मात्र मूळ फाइल नसते, ठसाच असतो. तिथे कशाशी ताडणार? गिटचे कुंपणही आपोआप उगवले नाही. त्यासाठी एसएचए-१च्या हल्ल्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या माणसांनी खास कोड लिहिला. तेवढे कष्ट करण्यापेक्षा नव्या कामात एसएचए-२५६ वापरणे स्वस्त पडते. वेगाची तक्रारही आता फारशी टिकत नाही. बऱ्याच प्रोसेसरांत एसएचए-२५६साठी स्वतंत्र सूचना आहेत, आणि २०२०मधील ब्लेक३ फाइलचे तुकडे करून अनेक कोअरवर एकाच वेळी काम करते, जे एमडी५ला त्याच्या साखळीसारख्या रचनेमुळे जमत नाही.

नवशिका

मध्येच एक व्यावहारिक शंका विचारतो. अशाच एका बदलात मी अडकलो आहे. डेटाबेसमधील स्तंभ ३२ अक्षरांचा आहे आणि एसएचए-२५६चा ठसा ६४ अक्षरांचा. स्तंभाला हात लावला तर सात-आठ जुने अहवाल बिघडतात. एसएचए-२५६ची पहिली ३२ अक्षरे ठेवली तर चालेल का?

पायरीदार

एमडी५पेक्षा ते नक्कीच चांगले, कारण एसएचए-२५६च्या रचनेत तसा आडमार्ग सापडलेला नाही. पण १२८ बिटांच्या कोणत्याही ठशाची टक्कर सुमारे २चा ६४वा घात इतक्या प्रयत्नांत सापडते. खोलीत २३ माणसे जमली की दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते, त्यामागचेच हे गणित आहे. आणि वर उल्लेख आलेल्या एसएचए-१च्या दोन पीडीएफसाठी जे गणन प्रत्यक्ष केले गेले, ते साधारण २चा ६३वा घात इतकेच होते. म्हणजे अर्धा ठसा ठेवलात तर आपली भिंत एका मोठ्या संस्थेने आधीच चढून दाखवलेल्या उंचीची असेल. मंजुरीसारख्या नोंदीसाठी मी तो धोका पत्करणार नाही.

अर्धविराम

जुना स्तंभ तसाच ठेवा आणि नवा जोडा. अहवालांना काही कळणारही नाही. नव्या स्तंभात ठशाच्या आधी फंक्शनचे नाव आणि अपूर्णविराम (:) लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कोणते ठसे जुने आणि कोणते नवे हे लांबी मोजून ओळखावे लागणार नाही. चौकस यांच्या मंजुरीच्या नोंदींनाही हाच मार्ग सुचवतो, कारण तिथे परक्या फाइली येतात हे आता स्पष्ट झाले आहे. माझ्या छायाचित्रांचे चेकसम मात्र एमडी५मध्येच राहतील.

चौकस

नवा स्तंभ जोडायला घेतला आहे. मूळ फाइली उपलब्ध आहेत तिथे ठसे पुन्हा काढता येतील. ज्या मंजुऱ्यांच्या फाइली नियमानुसार नष्ट केल्या गेल्या, तिथे फक्त जुना एमडी५ उरला आहे, आणि त्या नोंदी मंजूर म्हणायच्या की अनिर्णित, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेले नाही. छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये इतरांनी पाठवलेली छायाचित्रे कधीच नसतात का, हे तेवढे अर्धविराम यांनी सांगावे.