मदत हवी आहे : तिसरीच्या मुलांना भेदभाव कसा समजवावा?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, रायसव्हिल गावी जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. एका गटाची मुलं हुशार म्हणून त्यांना मधली सुट्टी जास्त. दुसऱ्या गटाच्या मुलांना ओळखीसाठी पट्टी. पुढे गट उलटे केले. 'कमी' ठरवलेली मुलं वाचनातही अडखळू लागली, मित्रमित्र भांडले. पालकांना आधी विचारलं नव्हतं, म्हणून टीकाही बरीच झाली, आणि मला ती पटते.

मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. आमच्याकडे डोळ्यांचा रंग कामाचा नाही, चिठ्ठ्या काढून गट पाडता येतील. पण रायसव्हिलची सगळी मुलं गोरी होती, त्यांना हा अनुभव नवा होता. माझ्या वर्गात पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं ते दिसतंच. ज्याला हे गावात रोज सोसावं लागतं, त्याच्या नावाची चिठ्ठी 'कमी' गटात निघाली तर?

कुणी वर्गात असं काही केलंय का? पालकांशी आधी काय बोललात? नंतर मुलांना कसं सावरलं? गट न पाडता, गोष्टीतून किंवा नाटुकल्यातून जमलं असेल तर तेही सविस्तर सांगा.